शेवटच्या वीस पानांत नायक कोठडीत आहे

हैदराबाद संस्थानात निजामाच्या सत्तेविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या जीवनावरील चित्रपटाची पटकथा लिहायला घेतल्याला आता तीन वर्षे होत आली आहेत. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: ‘ताई, सतरा सप्टेंबरला स्वामीजींना घोड्यावर दाखवणार की जीपमध्ये?’ विचारणारी माणसे चांगली असतात. मुक्तिसंग्रामाविषयी त्यांच्या मनात खरीखुरी आस्था असते, दरवर्षी ध्वजवंदनाला ती वेळेवर हजर असतात. मी त्यांना सांगते की स्वामीजींना २६ जानेवारी १९४८ रोजी अटक झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली त्या दिवसापर्यंत ते तुरुंगातच होते. हे ऐकल्यावर समोरचा माणूस थोडा वेळ गप्प होतो आणि मग काळजीने विचारतो, ‘मग शेवट कसा करणार?’

पटकथेचे चार खर्डे मी याच प्रश्नापायी फाडले आहेत, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

मी अंबाजोगाईची. इतिहास शिकवण्यात माझी नोकरी सरली. दिग्दर्शक हा माझाच जुना विद्यार्थी आहे आणि अजूनही मला ‘बाई’ म्हणूनच हाक मारतो. त्याने पहिल्याच बैठकीत एक गोष्ट मान्य केली, तिचा मला फार आधार झाला. पटकथा तीन शायांत लिहायची, असे आम्ही ठरवले. कागदोपत्री आधार असलेला मजकूर निळ्या शाईत, माणसांच्या तोंडून ऐकलेला हिरव्या शाईत आणि आमच्या कल्पनेचा लाल शाईत. संवाद बहुतेक लालच असणार हे उघड आहे, कारण १९३८ साली एखाद्या खोलीत दोन माणसे नेमकी काय बोलली हे कोणी टिपून ठेवलेले नसते. परंतु घटना, तारखा, कोण कुठे उपस्थित होते आणि कोण नव्हते, हे लाल शाईत लिहायचे नाही, एवढा दंडक आम्ही घालून घेतला. राजकीय नेत्याच्या चरित्रपटात पहिली तडजोड नेमकी येथेच होते. जिथे नेता नव्हता तिथे त्याला नेऊन उभे केले की दृश्य चटकन रंगते, आणि मग त्या ठिकाणी जे खरोखर होते त्यांची नावे पडद्यावरून कायमची पुसली जातात.

पूर्वार्धाची आम्हाला अडचण नव्हती. विजापूर जिल्ह्यात १९०३ साली जन्मलेला व्यंकटेश खेडगीकर नावाचा मुलगा असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सोडतो, पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करतो आणि १९२९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या आडगावी राष्ट्रीय शाळेचा मुख्याध्यापक म्हणून येतो. तिथे असतानाच, १९३२ साली, तो संन्यास घेतो आणि स्वामी रामानंद तीर्थ होतो. १९३५ साली तो अंबाजोगाईला येतो, जिचे नाव त्या वेळी सरकारदरबारी मोमिनाबाद होते. संन्याशाने शाळा चालवायची आणि त्या शाळेतून निघालेल्या मुलांनी पुढे एका संस्थानाची सत्ता हलवायची, ही गोष्ट कोणाही पटकथाकाराला पुरेशी आहे.

हिप्परग्याच्या प्रसंगांचे चित्रीकरण करताना मला नटाची मोठी गंमत वाटली, म्हणजे त्याचे कौतुक वाटले. तो पुण्याचा तरुण आहे, रंगभूमीवर कसलेला. पहिल्या दिवशी वर्गातल्या दृश्यात तो फळ्यापाशी उभा राहिला आणि सभेत बोलावे तसे मुलांशी बोलू लागला. मी त्याला बाजूला घेतले आणि सांगितले की ज्याने रोज सहा-सहा तास शिकवले आहे तो माणूस बोलताना मुलांकडे पाहतो, पण त्याचा अंगठा मात्र खडूवरून फिरत असतो. पुढचे अक्षर लिहिण्याआधी तो खडूची झिजलेली कड शोधतो, म्हणजे रेघ बारीक येते. नटाने खडूचा एक तुकडा मागून घेतला आणि चार दिवस तो खिशात बाळगला. जेवताना, चहा पिताना त्याचा अंगठा खडूवरून फिरत असे. पाचव्या दिवशी दृश्य झाले तेव्हा त्याला आवाज चढवावाच लागला नाही. या माणसाचे ऐकून मुले घर सोडतील, असे पाहणाऱ्याला पटत होते.

त्या काळात नुसती सभा घेणेही किती अवघड होते, हे आजच्या प्रेक्षकाला कसे कळावे, यावर आम्ही बराच खल केला. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ या नावाचा हुकूम होता. सरकारची परवानगी काढल्याशिवाय राजकीय सभा भरवता येत नसे. १९३७ साली परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते याच बंधनांच्या सावटाखाली. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच, १९३८ च्या सप्टेंबरात, बंदी घालण्यात आली. पटकथेत मी एक साधे दृश्य लिहिले आहे. एक कार्यकर्ता परवानगीचा अर्ज घेऊन अव्वल तालुकदाराच्या कचेरीत, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरच्या कार्यालयात, जातो. अर्ज मराठीत आहे. कारकून तो परत करतो आणि उर्दूत लिहून आणायला सांगतो. कार्यकर्त्याला उर्दू येते, कारण तो शाळेत उर्दूतच शिकला आहे. तो तिथेच बाकावर बसून अर्ज पुन्हा लिहितो आणि शेवटी सही मात्र मराठीत करतो. एवढेच दृश्य. कारकून लाल शाईतला आहे, हुकूम निळ्या शाईतला आहे.

भाषेविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मराठवाड्याची त्या काळची बोली पडद्यावर आणताना काहींना वाटते की निजामाची माणसे तेवढी उर्दू बोलतील आणि आपली माणसे शुद्ध मराठी. हे खोटे आहे. आमच्या आजोबांच्या बोलण्यात दरखास्त, मुन्सफ, मोहतमीम, हाली सिक्का असे शब्द पाण्यासारखे वाहत असत, आणि निजामाविरुद्ध तुरुंगात गेलेली कित्येक माणसे आयुष्यभर उर्दू वर्तमानपत्रच वाचत राहिली. म्हणून चित्रपटात भाषेवरून शत्रू-मित्र ओळखता येणार नाही, याची मी जाणीवपूर्वक काळजी घेतली आहे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादने भारतात विलीन व्हावे, असे उर्दूतच लिहिले आणि त्यासाठीच १९४८ च्या ऑगस्टमध्ये रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या राजवटीची पाठराखण करणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या माणसांनी, त्यांचा खून केला. हा प्रसंग कापून लांबी कमी करावी, अशी सूचना आली होती. मी ती मानली नाही.

आता मुख्य अडचणीकडे येते. चित्रपटाला पैसा लावू इच्छिणारे एक गृहस्थ दीड वर्षापूर्वी भेटले. त्यांनी पटकथा पूर्ण ऐकली, डोळ्यांत पाणी आणले आणि शेवटी दोन मागण्या केल्या. पहिली मागणी अशी, की स्वामीजींच्या पूर्वायुष्यात एखादी तरुणी असावी. दुसरी अशी, की १९४८ साली स्वामीजी तुरुंग फोडून बाहेर पडतात आणि रझाकारांशी समोरासमोर झुंज देतात, असा वीस मिनिटांचा भाग असावा. पहिल्या मागणीवर मी काही बोललेच नाही. दुसरीवर मी त्यांना विनवून सांगितले की असे घडले नाही आणि स्वामीजींच्या बाबतीत असे घडणे शक्यही नव्हते. सत्याग्रही माणूस स्वतःहून अटक करून घेतो. तुरुंगात जाणे हीच त्याची लढाई असते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकवून स्वामीजींनी अटक ओढवून घेतली. नोव्हेंबरच्या अखेरीस भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला तेव्हा ते सुटले आणि पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा आत गेले. तेवढ्या अवधीत त्यांनी काय काय उभे करून ठेवले, त्यात खरे नाट्य आहे. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. त्या आठवड्यात आम्हाला तीस जणांच्या चमूतून अठरा जणांना घरी पाठवावे लागले, याचे दुःख मला आजही आहे.

पण त्याच नकारामुळे पटकथेचा उत्तरार्ध मला सापडला, असे म्हणायला हरकत नाही. चौथा खर्डा फाडल्यावर मी एका कोऱ्या कागदावर फक्त हे लिहिले: जानेवारी ते सप्टेंबर १९४८, स्वामीजी तुरुंगात, मग बाहेर लढत कोण होते? उत्तर लिहायला लागले आणि कागद पुरेना. स्टेट काँग्रेसच्या कृती समितीचे दिगंबरराव बिंदू आणि गोविंदभाई श्रॉफ सीमेपलीकडून सूत्रे हलवत होते. संस्थानाच्या चारी बाजूंच्या सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले होते. कार्यकर्ते तिथून रात्री आत शिरत, करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी जाळत, तारा तोडत, शिंदीची झाडे पाडत, आणि उजाडायच्या आत परत येत. नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली ती याच काळात, आणि त्या पैशाचा हिशेब पै न् पै ठेवला गेला. जालना भागातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घर सोडून या लढ्यात उतरल्या होत्या. बिलोलीकडचे गोविंदराव पानसरे तर १९४६ सालीच मारले गेले होते, आणि त्यांचे नाव घेऊन पुढची मुले या कामात पडली होती. यांपैकी बहुतेकांचा धागा कुठे ना कुठे हिप्परग्याच्या किंवा अंबाजोगाईच्या वर्गापर्यंत, परतूरच्या किंवा लातूरच्या परिषदेपर्यंत मागे जातो. मी पूर्वार्धात खडू हातात धरलेला जो माणूस लिहिला होता, त्याने काय केले होते हे उत्तरार्धात तो स्वतः पडद्यावर नसतानाच दिसणार होते. शेवटची वीस पाने मी त्यानंतर तीन आठवड्यांत लिहून काढली.

हिरव्या शाईसाठी आम्ही खूप गावे फिरलो. एक आजी धाराशिव जिल्ह्यातल्या सोलापूरच्या सीमेजवळच्या गावात भेटल्या. १९४८ साली त्या नऊ-दहा वर्षांच्या असाव्यात. त्यांच्या आई सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या पोरांसाठी भाकरी थापून देत आणि कडब्याच्या पेंढीत लपवून ती शिदोरी शेतापर्यंत नेण्याचे काम या मुलीकडे असे. मी विचारले, ‘आजी, तुम्ही स्वामीजींना पाहिलं होतं का?’ त्या म्हणाल्या, ‘न्हाई बाई. नाव ऐकलं हुतं. भाकरी मात्र लई न्हेल्या.’ मग त्यांनी आपल्या नातसुनेकडून एक धडपे मागून घेतले आणि आई शिदोरी कशी बांधत असे ते करून दाखवले. भाकरीची चवड, मधल्या भाकरीत दाबलेली शेंगदाण्याची चटणी, वर कांदा, मग समोरासमोरची दोन टोके घट्ट आणि उरलेली दोन सैल. ती सैल गाठ त्यांनी तीनदा पुन्हा पुन्हा बांधून दाखवली, कारण मला समजत नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की पोरांना भाकरी अंधारात, पळता पळता खायची असे. गाठ घट्ट बसली तर दातांनी सोडवावी लागते, आणि तेवढ्यात रझाकार गाठतात. म्हणून टोक धरून एक झटका दिला की सुटेल, पण डोक्यावरून नेताना सुटणार नाही, अशीच गाठ हवी. आजवर वाचलेल्या एकाही पुस्तकात मला ही गोष्ट आढळली नव्हती.

सप्टेंबरच्या त्या चार-पाच दिवसांचा लष्करी भाग आम्ही थोडक्यात आवरला आहे. १३ तारखेला पहाटे मेजर जनरल चौधरी यांच्या आधिपत्याखालील भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने आत शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला आणि १७ तारखेला सारे संपले. रणगाडे आणि विमाने उभी करण्याइतका पैसा आमच्याकडे नाही आणि ती माझ्या गोष्टीची गरजही नाही.

त्यानंतरच्या दिवसांवरून मात्र आमच्या चमूत कडाक्याचे मतभेद झाले. पोलीस कारवाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लष्करी मोहिमेनंतर संस्थानाच्या अनेक भागांत मुसलमानांवर सूडाचे हल्ले झाले. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन जिल्हे होते. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. चमूतल्या दोघांचे म्हणणे होते की चरित्रपट एका माणसाचा आहे, तो मुक्तीच्या दिवशी थांबवावा. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. गावोगाव प्रदर्शनाच्या वेळी गोंधळ होईल, ही त्यांची भीती अगदी खरी आहे. मी त्यांना एवढेच म्हणाले की रझाकारांनी जाळलेली घरे दाखवायची आणि त्यानंतर जळालेली दाखवायची नाहीत, असे केले तर निळ्या शाईचा अर्थच उरत नाही. स्वामीजींनी आयुष्यभर ही लढाई निजामाच्या सत्तेविरुद्ध आहे, मुसलमानांविरुद्ध नाही, असे सांगितले. ज्याने हे सांगितले त्याच्याच चरित्रपटात हा भाग नसेल, तर तो त्याच्यावर अन्याय होईल.

अखेर त्या भागासाठी एक छोटेसे दृश्य ठरले. ते हिरव्या शाईतले आहे. लातूर भागातल्या एका गावात एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला सांगितले की ते लहान असताना त्यांच्या घरच्या सहा जणांनी शेजारच्या पाटलाच्या वाड्यातल्या बळदात दोन रात्री काढल्या. बळद म्हणजे भिंतीच्या पोटातले धान्याचे कोठार. वरून ज्वारी ओतलेली होती आणि खाली माणसे बसली होती. त्यांना आठवते ती नाकातोंडात जाणारी धूळ आणि शिंक येऊ नये म्हणून आईने धरलेले नाक. गावाचे आणि घराण्याचे नाव छापू नका, असे त्यांनी हात जोडून सांगितले, आणि ते आम्ही पाळणार आहोत. चित्रपटात बळदाच्या आतला फक्त अंधार आणि श्वास असेल.

कोठडीचा सेट आम्ही एका पडक्या वाड्याच्या तळघरात लावला. मुंडण केलेला नट, अंगावर भगवी छाटी, भिंतीत एक कोनाडा. सतरा सप्टेंबरची ती सकाळ पूर्णपणे लाल शाईत आहे, आणि हे मी येथे मोकळेपणाने सांगून ठेवते. रोज कैद्यांची मोजणी करून कुलूप लावणारा पहारेकरी त्या दिवशीही येतो, मोजणी करतो, पण कुलपात किल्ली फिरवताना त्याचा हात थांबतो. निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा, शरणागतीची घोषणा, स्वामीजींची सुटका, हे सारे त्याच दिवशी घडणार आहे. पण आमच्या दृश्यात त्यांतले अजून काहीही घडलेले नाही. चित्रीकरणाआधी नटाने मला विचारले, ‘बाई, बाहेर काय चाललंय हे स्वामीजींना कळलं असेल का?’ मी म्हणाले, ‘पहारेकऱ्याच्या हातावरून जेवढं कळतं तेवढं तू कळू दे.’ त्याने पहारेकऱ्याच्या हाताकडे पाहिले आणि आपला अंगठा नुसता बोटावरून फिरवला, जणू तिथे खडू असावा. हे मी लिहिलेले नव्हते. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणायला बराच वेळ लावला.

त्याआधीचे दृश्य शिदोरीचे आहे. त्यासाठी घेतलेल्या अभिनेत्रीला ती गाठ काही केल्या जमेना. एक तर घट्ट बसे, नाहीतर उचलताच सुटे. शेवटी आम्ही आजींना विचारले आणि त्या मोठ्या आनंदाने आल्या. चेहरा दिसणार नाही, फक्त हात दिसतील, असे सांगितल्यावर त्यांनी बांगड्या नीट मागे सारल्या आणि बसल्या. प्रकाश बदलत असल्यामुळे ते दृश्य सहा वेळा घ्यावे लागले. सहाही वेळा त्यांनी गाठ बांधली, सहाही वेळा समोरच्या मुलाने अंधारात टोक धरून झटका दिला, आणि सहाही वेळा ती सुटली. संकलनाच्या टेबलावर ते हात आता १०४ क्रमांकाला लावले आहेत आणि १०५ ला कोठडी येते.